निव्वळ वजन

तिळामळच्या काट्यावर मी अकरा वर्षं पावत्या फाडल्या.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
मापात पाप नको, एवढंच वडील सांगून गेलेले.
बाकीचा हिशेब तांबड्या धुळीने आपणच लिहिला
खिडकीच्या गजांवर, डब्यातल्या उंड्यावर,
माझ्या कानांच्या पाळ्यांमागे.

मग खाण बंद झाली.
काटा राहिला,
साठ फूट लोखंड, ऊन खात पडलेलं.

फोंडू गावकराचे हात टिपरचे.
बोटाबोटात ग्रीसची रेघ,
जी त्याच्या बहिणीच्या लग्नातही निघाली नाही.
त्या हातांत आता चिमटा.
मिंगेलचा मेव्हणा तारवटी, त्याने योकोहामाहून आणलेला खोका:
प्लास्टिकची मोटार, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाची,
फांदीला बिमलं लोंबावीत तसे सुटे भाग.
कपाटात ठेवायची वस्तू ही, मिंगेल म्हणाला,
रंग दे, काच लाव, पोरांना सांग हात लावू नका.
फोंडूने सुरी तापवली
आणि तिचा तळच कापून काढला.

आधी पाय गेले चालकाचे.
बॅटरीला जागा हवी होती,
कमरेखाली माणूस उरला नाही.
हेल्मेट ठेवलं, खांदे ठेवले, समोर बघणं ठेवलं.
"आम्हां टिपरवाल्यांचं तरी काय वेगळं झालं,"
म्हणाला, आणि फुंकर मारून भुगा उडवला.

पुढची चाकं नाकासमोर जाणाऱ्या कुळातली,
त्यांना वळण लावलं सेफ्टी पिनेच्या खुंटीवर.
आस सायकलच्या स्पोकचा.
मोटर एका ड्रोनची, कुडचड्याच्या लग्नात
नवरीवर पाकळ्या टाकता टाकता जो माडात अडकला.
टायर जुन्या चपलेच्या रबराचे.

गिअर मात्र कुरकुरत राहिले.
घट्ट बसवले तर मोटर तापे,
सैल बसवले तर दात झडत.
तीन रात्री.
चौथ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला:
"सुलक्षा, जुनी पावती आहे गो एखादी?"
दिली. कार्बनखालची, पिवळी, कोरी.
त्याने पट्टी कापली, दोन गिअरांच्या मध्ये धरली,
मोटर दाबून स्क्रू आवळला,
मग पट्टी हळूच ओढून काढली.
कागदावर दातांचे ठसे, मुंगीच्या वाटेसारखे.
"एवढीच फट हवी," म्हणाला, "कागदाएवढी.
कमी नको, जास्त नको."
मी बघत होते. कुठे, ते सांगत नाही.

रविवारी, इगर्जीतली मीस सुटल्यावर, काट्यावर शर्यत.
सुतळीची हद्द, बोल्टांच्या डोक्यांची वळणं.
तीन गाड्या. एक मिंगेलची
(हो, त्यानेही कापली, मेव्हण्याला कळवलं नाही).
सवयीने मी आत जाऊन यंत्र चालू केलं.
बाहेर पोरं ओरडतायत, आत आकडा हलत नाही.
वीस किलोच्या खालचं काट्याला दिसतच नाही.
सकाळी रायकर सोनाराने तराजूत घातली होती फोंडूची:
बारा तोळे, चालकासकट.

तिसऱ्या फेरीत ती बोल्टला लागली.
उलटली, भुंग्यासारखी पाठीवर, चाकं फिरतच होती.
एक आरसा तुटून लोखंडाच्या सांध्यातून खाली गेला,
जिथे अजून खनिजाची धूळ आहे.
मिंगेल जिंकला, आणि अख्ख्या तिळामळला ऐकू गेलं.

मी पावती फाडली, रीतसर, सहीनिशी.
वाहन: लाल. माल: अर्धा चालक.
निव्वळ वजन: शून्य.
फोंडूने वाचली. पुन्हा वाचली.
वाटलं, खिशात ठेवील.

त्याने कडेची पट्टी फाडली,
गाडी गुडघ्यावर पालथी घेतली
आणि दातांमध्ये सरकवली.